आधी चारी पिते

सर्जेराव रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, तरी गावात त्यांना अजून पाटकरीच म्हणतात. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी चारीत सोडणारा, कोणाच्या शेतात कधी आणि किती तास जायचं ते पाळणारा माणूस. पगार बेताचा, मान बरा, आणि शिव्या या दोन्हींच्या वर. भवानीनगरच्या पुढं कालव्याला फुटलेली एकवीस नंबरची चारी एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. सात किलोमीटर लांबी, शेतात पाणी घ्यायची चव्वेचाळीस दारं, आणि प्रत्येक दाराशी एक शहाणा.

त्या चारीचा नियम एकच. पाणी टेलपासून द्यायचं. टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक, आणि हेड म्हणजे गेटजवळची रानं. हेडवाल्याच्या दारावरूनच पाणी पुढं जातं. त्यानं आधी तोंड घातलं तर टेलवाल्याच्या नशिबी नुसती ओल. म्हणून पहिली पाळी शेवटच्याची, मग मागं मागं येत अखेर गेटजवळच्याची. खात्याच्या कागदावर हे सगळ्याच चाऱ्यांना लिहिलेलं असायचं. पाळणारे बोटावर मोजण्याइतके. सर्जेराव पाळायचे, आणि आपण पाळतो हे दिवसातून चारदा सांगायचेही.

तेव्हा मोबाईल नव्हते. सकाळी गेटचं चाक फिरवलं की सर्जेराव सायकल बांधाला टेकवून तिथंच लिंबाखाली थांबायचे. दुपारी कधीतरी पाणी टेलला पोचायचं. तिथं आबाजीचं रान. आबाजी बांधावर चढून दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी द्यायचा, ‘आलंऽऽ’. ती हाळी अलीकडच्या रानातला घ्यायचा, त्याची त्याच्या अलीकडचा, आणि अशी शेतामागून शेत करत ती सात किलोमीटर गेटापर्यंत यायची. मध्येच कोणी जेवायला बसलेला असला तर तोंडातला घास गालात सारून ओरडायचा, पण हाळी तुटू द्यायचा नाही. मग गेटावरून सर्जेराव उलट हाळी द्यायचे, ‘भरू दे रंऽऽ’, आणि तीही तशीच माणसामाणसातून टेलला जायची. वारा पश्चिमेचा असला तर तिच्याबरोबर साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वासही जायचा. सर्जेरावांना आजही कुठं मळीचा वास आला की आपोआप कान टवकारल्यासारखं होतं.

आबाजी आणि ते एका वयाचे. पोहायला शिकले ते एकाच दिवशी, एकाच भोपळ्यावर, कालव्यात. भोपळा फुटला तेव्हा दोघंही बुडता बुडता वाचले आणि घरी जाऊन दोघांनीही वेगवेगळा मार खाल्ला. पुढं एक पाटकरी झाला, दुसरा टेलचा शेतकरी. पाळीच्या दिवशी संध्याकाळी सर्जेराव सायकलवरून टेलला जायचे, आबाजीची बायको पिठलं-भाकरी बांधून ठेवायची, आणि दोघं भिजत्या रानाच्या कडेला पाय सोडून जेवायचे. बोलायचे असं फारसं काही नाही. पाणी सरीत शिरताना जो चुळचुळ आवाज करतं, तो ऐकायचे.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात हे मोडलं. आबाजीनं तीन एकर डाळिंब लावलं होतं, चौथं वर्ष होतं, पहिलाच चांगला बहर धरला होता. चैत्रातली त्याची पाळी हुकली आणि बाग उभ्या उभ्या वाळली. मग एका सकाळी मारुतीच्या पारावर, गाव बसलेलं असताना, आबाजी सर्जेरावांकडं बोट करून म्हणाला की सर्ज्यानं माझं पाणी विकलं, हा चोर आहे.

सर्जेरावांनी आयुष्यात कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता. त्यांनी सायकल उचलली आणि निघून गेले. तेव्हापासून एकवीस वर्षं दोघांत शब्द नाही. लग्नात एक या पंगतीला बसला तर दुसरा पुढच्या. आबाजीची बायको वारली तेव्हा सर्जेराव स्मशानात गेले, पार मागं, बाभळीपाशी उभे राहिले आणि आबाजीला न भेटता परत आले. जिच्या हातची भाकरी वीस वर्षं खाल्ली तिला असा निरोप. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि न जेवण्याचा रागही त्यांनी आबाजीवरच काढला.

राग त्यांच्या नाकावर पहिल्यापासून होता, पण रिटायर झाल्यावर त्याला काम उरलं नाही. मग तो टीव्हीवरच्या बातम्यांवर, एस्टीच्या कंडक्टरवर, वाकड्या लावलेल्या मोटारसायकलींवर निघू लागला. बायको शकुबाई म्हणायच्या, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. बारामतीला ज्या डॉक्टरांकडं ते दर महिन्याला जायचे तिथं पद्माताई नावाच्या सिस्टर होत्या, साठीच्या घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्या दंडाला पट्टा बांधायच्या आणि पारा चढला की डोळे वर न करता विचारायच्या, आज कोणाशी भांडून आलात. सर्जेराव प्रामाणिकपणे सांगायचे.

पद्माताईंच्या नोकरीचा शेवटचा महिना होता. पट्टा सोडताना त्या म्हणाल्या की गोळी वाढवण्यापेक्षा रविवारी सकाळी आमच्या विहारात या, तासभर शांत बसतो आम्ही. विहार सर्जेरावांना बाहेरून ठाऊक होता. बाजाराला जाताना चाळीस वर्षं ते त्याच्यावरून जात होते. आत जायचं कधी कारण पडलं नाही, असं ते म्हणायचे. कारण पडलं नाही की पाडून घेतलं नाही, याचा ज्याचा त्यानं विचार करावा. गावात कळल्यावर पारावर थट्टा झालीच. पाटकरी आता केस उतरवणार आणि झोळी घेणार, असं कोणी म्हणालं. सर्जेराव तिथंच भांडले, आणि भांडल्यामुळंच, निव्वळ हट्टानं, रविवारी सातच्या एस्टीला अर्ध्या तिकिटात जाऊन बसले.

आत दहा-बारा माणसं होती. दोन शिक्षक, एक शिंपी, एस्टीतून रिटायर झालेला एक कंडक्टर (त्याच्याशी सर्जेरावांचं पूर्वी सुट्ट्यावरून वाजलेलं होतं), कॉलेजातल्या तिघी मुली. गुडघ्यांमुळं सर्जेरावांना खुर्ची मिळाली. समोर बुद्धाची मूर्ती, वर कुरकुरणारा पंखा. आधी अर्धा तास नुसता श्वास पाहायचा. सर्जेरावांनी पाहिला, तो येत होता आणि जात होता, त्यात काही तक्रारीला जागा नव्हती. मग पद्माताई म्हणाल्या की आता मैत्री. मनातल्या मनात आधी स्वतःला म्हणायचं, मी सुखी असो, मी निर्वैर असो. मग आपल्या माणसाला. मग जो ना आवडीचा ना नावडीचा, त्याला. आणि शेवटी ज्याच्याशी आपलं वैर आहे, त्याला.

सर्जेरावांनी डोळे उघडले.

“सिस्टर, ह्ये उलटं हाय,” ते म्हणाले. “पाणी टेलपासनं द्याचं असतं. सोतापासनं सुरू केलं तर शेवटच्याला काय उरतंय?”

मुली हसल्या. कंडक्टरनं डोळे मिटलेलेच ठेवले, पण त्याच्या मिशा हलल्या. पद्माताईंना चारी, टेल, हेड काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते विचारून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, बरं, तुम्ही तुमच्या रीतीनं करून पाहा.

म्हणजे सर्जेरावांनी सरळ आबाजीपासून सुरुवात केली. एकतीस वर्षं जो नियम पाळला तो इथं मोडण्याचं त्यांना कारण दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी फुशारकीही होती. बाकीचे आपले आपल्यापासून सुरू करून रमतगमत वैऱ्यापर्यंत येणार. हा गडी पहिल्याच फटक्यात टेलला. ‘आबाजी सुखी असो,’ ते मनात म्हणाले. लगेच पार दिसला, बोट दिसलं, ‘चोर’ ऐकू आलं. ‘आबाजी निर्वैर असो.’ निर्वैर? वैर मांडलं कोणी? त्यानं का मी? तासाच्या शेवटी सगळ्यांचे चेहरे धुऊन काढल्यासारखे झाले होते, आणि सर्जेरावांची कानशिलं तापली होती.

असे सहा रविवार गेले. बीपी खाली यायचं सोडून वर गेलं. शकुबाई दारातच विचारायच्या, “अवो, ह्यो शांतीचा क्लास हाय का भांडनाचा?” एकदा तर सर्जेराव विहारातून निघाले ते मनात आबाजीशी भांडत भांडत भवानीनगरलाच उतरले, गावाचा फाटा पुढं राहिला, आणि उन्हात तीन किलोमीटर चालत आले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. पण जाणं त्यांनी सोडलं नाही. सोडलं असतं तर पार हसला असता.

त्याच दिवसांत चारीच्या कडेनं काळ्या पाइपांचे ढीग येऊन पडले. एकवीस नंबरची चारी बंद पाइपातून जाणार होती. पाणी वाया जात नाही, चोरी होत नाही, सगळ्यांच्या फायद्याची गोष्ट. सर्जेरावांनाही ते पटत होतं. उन्हाळ्याची येती पाळी तेवढी उघड्या चारीनं यायची, मग खणायला मशीन येणार. ते बांधावरून चालत गेले, पाइपात डोकावले, आत ‘ओ’ असं म्हणून पाहिलं. आवाज घुमला आणि आतच मेला. यापुढं टेलला पाणी पोचलं तर ते बटणावर कळेल. हाळी द्यायला कोणी बांधावर चढणार नाही. घ्यायलाही असणार नाही कोणी. ते पाइपावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

सातव्या रविवारी सगळे उठून गेल्यावर पद्माताई सतरंजी गुंडाळत होत्या. सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं की गेट उघडल्यावर टेलला पाणी पोचायला किती वेळ लागतो.

“ते चारी कशी हाय त्यावर,” सर्जेराव म्हणाले. “पावसाळ्यात दोन तासांत जातंय. पर उन्हाळ्यात चारी पार भेगाळलेली असती. कोरडी चारी आदी सोता पिती. पाच-सहा तास तीच पिती, तवर पुढं थेंब सरकत न्हाय. कितीबी घाई करा, टेलच्या नावानं कितीबी बोंबला, तिची तहान भागल्याबिगर…”

ते बोलता बोलता थांबले. पद्माताईंनी सतरंजीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ती घडी केली, कोपऱ्यात ठेवली, आणि पद्माताईंनी कुलूप शोधायला सुरुवात केली.

घरी येऊन सर्जेरावांनी हे शकुबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, त्यात काय एवढं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इतकी वर्षं पाणी सोडणाऱ्या माणसाला हे सांगायला बारामतीची बाई लागली, याचंच त्यांना नवल वाटलं.

पण गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. पुढच्या रविवारी सर्जेराव पहिल्यांदा इतरांसारखे सुरुवातीपासून बसले. ‘मी सुखी असो,’ म्हणायला गेले आणि वाक्य पुरं होईना. पुन्हा म्हणाले. पुन्हा तेच. वैऱ्याचं नाव सात आठवडे घेता आलं. स्वतःचं घेता येईना. तेव्हा त्यांना उमजलं की टेलपासून सुरू करण्यात नियमाचा भाग थोडा होता आणि पळवाटेचा जास्त.

कारण त्या चैत्रात काय झालं होतं, ते एकट्या सर्जेरावांना ठाऊक होतं. त्यांनी पाणी विकलं नव्हतं, हे खरं. पण दिलं होतं. लेक माधवीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तिच्या सासऱ्यांचा ऊस हेडला, गेटापासून दुसऱ्याच दारावर. ऊस करपायला लागला होता. व्याही स्वतः काही बोलले नाहीत. माधवी माहेरी आली, चहा केला आणि जाताना उंबऱ्यात एवढंच म्हणाली, आप्पा, आमच्याकडं सगळे माझ्याकडं बघतात. सर्जेरावांनी व्याह्यांना सहा तास दार उघडून दिलं. दुपारपर्यंत देऊ, मग आबाजीचं सुरू करू, असा हिशेब. सहाचे अठरा झाले, आणि दुसऱ्या दिवशी वरूनच कालवा बंद झाला. आबाजी धावत आला तेव्हा सर्जेराव म्हणाले, “वरनंच पाणी आलं न्हाय रं.” एकतीस वर्षांतली ती एक पाळी, आणि ते एक वाक्य. त्यानंतर आबाजीनं त्यांना चोर म्हटलं आणि सर्जेरावांची एक प्रकारे सोय झाली. चोर आपण नव्हतोच. त्या खोट्या आळाला कवटाळून त्यांनी खरा अपराध एकवीस वर्षं झाकून ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्यांना खवखवलं ते रागाच्या रूपानं.

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला रुमाल काढला तर तो खिशातल्या तंबाखूनं भरलेला. शेजारच्या कंडक्टरनं डोळे मिटूनच आपला रुमाल पुढं केला.

शकुबाईंना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “तवाच मला सांगाचं. मी गेली असती की त्यांच्या घरी. तिच्या मैताला तरी मला पुढं उभं ऱ्हाता आलं असतं.” एवढं बोलून त्या आत गेल्या. संध्याकाळी बाहेर आल्या तेव्हा सर्जेरावांचा स्वच्छ सदरा त्यांच्या हातात होता.

तरी सर्जेराव आणखी तीन आठवडे गेले नाहीत. रोज पहाटे ओसरीवर बसायचे आणि फक्त स्वतःपाशी थांबायचे. ‘मी सुखी असो’ अजूनही यायचं नाही. ‘मी निर्वैर असो’ मात्र हळूहळू यायला लागलं. जमीन पीत होती. मग त्यांनी पद्माताईंना विचारलं की समजा गेलो आणि त्यानं माफ केलंच नाही, तर.

“नाही केलं तर नाही केलं,” पद्माताई म्हणाल्या. “ते ऐकून तुमचं बीपी वाढणार असेल तर अजून थोडे दिवस बसा, मग जा. त्यानं जवळ घेतलं तरी पाय जागेवर, हाकललं तरी जागेवर. समता म्हणतात ती एवढीच, दुसरं काही नाही.”

पाळीला दोन दिवस उरले असताना सर्जेराव टेलला गेले. बांधावरून चालत. आबाजीनं डाळिंबाच्या जागी आता पेरू लावले होते. चांगली बाग होती, पोरानं शेततळंही केलं होतं. आबाजी झाडाखाली पाटावर बसून कोवळ्या पेरूंना फोमच्या जाळ्या चढवत होता. केस पार पिकलेले, हात मात्र तेच, जाडजूड. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहून पुढचा पेरू घेतला.

सर्जेराव उभ्यानंच बोलले. माधवी, व्याही, सहा तास, अठरा तास, सगळं. मध्ये थांबले नाहीत, कारण थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही अशी त्यांना भीती होती. शेवटी म्हणाले, “वरनं पाणी आलं व्हतं, आब्या. मी खोटं बोललो.”

“ठावं हाय मला,” आबाजी म्हणाला. “म्हस्कू मेंढरं घिऊन तितनं चालला व्हता. त्यानं दार उगडं बघितलं व्हतं. मला तवाच सांगितलं.”

“मग चोर का म्हनलास? पैसं घेतलं न्हाईत, ह्येबी ठावं व्हतं तुला.”

आबाजीनं हातातली जाळी पेरूवर नीट ओढून बसवली.

“खोटा आळ घातला तर तू भांडशील, म्हनून. भांडता भांडता खरं बोलशील, म्हनून. तुझा राग मला म्हाईत हाय की. आन् तू सायकल उचललीस.” त्यानं दुसरी जाळी घेतली. “म्या पारावर संध्याकाळपातुर बसलो व्हतो त्या दिशी. म्हनलं, येईल.”

सर्जेरावांना बसायला काही तरी हवं होतं. ते मातीतच बसले. एकवीस वर्षं ते ज्या माणसावर चिडत होते तो माणूस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांची वाट पाहत बसला होता, हे त्यांच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

“झाडं गेली ती गेली,” आबाजी म्हणाला. “माफ-बिफ मला काय जमत न्हाय, सर्ज्या. ती असती तर तिनं केलं असतं.”

ऐकताना सर्जेरावांच्या छातीत कळ आल्यासारखं झालं. पण पाय जागेवर होते. त्यांनी मान हलवली. दोघं काही वेळ तसेच बसले, पूर्वी पाळीच्या दिवशी बसायचे तसे. फक्त रान कोरडं होतं. उठताना सर्जेरावांनी काही मागितलं नाही, आबाजीनं काही दिलं नाही. बांधाला लागल्यावर मागून आवाज आला, परवा गेटावर कोण आहे म्हणून. कोणी नाही, सर्जेराव म्हणाले. त्यांच्यानंतरचा पाटकरीही रिटायर झाला होता आणि ती जागा खात्यानं भरलीच नव्हती. हल्ली ज्याच्या हातात पाना तो पाटकरी.

परवाच्या दिवशी सकाळी सहाला सर्जेराव गेटावर होते. डोक्याला टॉवेल, पिशवीत भाकरी, हातात काठी. कोणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. चाक त्यांनीच फिरवलं; दोनदा दम लागला. पाणी फेसाळत चारीत उतरलं आणि भेगांमध्ये दिसेनासं होऊ लागलं. जमीन पीत होती तसा चुर्रचुर्र आवाज येत होता. ते लिंबाखाली बसले.

नऊच्या सुमाराला जावई ऋषिराज मोटारसायकलवरून आला. माधवीचा नवरा, व्याही वारल्यावर शेती तोच बघायचा. खोरं घेऊन तो दुसऱ्या दाराशी गेला. सर्जेराव उठून त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

“पावनं, टेल झाल्यावर,” ते म्हणाले.

ऋषिराज हसला. मामा, आता कोण पाळतं ते, म्हणाला. पाणी दारावरून चाललंय, दोन तासांत होईल माझं. त्याचं चूक नव्हतं, सगळे तसंच करत होते. सर्जेरावांचा नेहमीचा राग उठला, घशापर्यंत आला, आणि त्यांनी तो श्वासासारखा येताना पाहिला आणि जाताना पाहिला. मग शांतपणे म्हणाले, “एकदा तुमच्या वडलांना मी आदी दिलं व्हतं. ते फेडतोय. तुमी रागावला तरी मी हितंच उभा हाय.”

ऋषिराजला सगळं कळलं नाही. पण सासरे न ओरडता बोलले, एवढ्यानंच तो घाबरला असावा. त्यानं खोरं टेकवलं आणि तोही लिंबाखाली येऊन बसला. सर्जेरावांनी त्याला अर्धी भाकरी दिली.

ऊन चढलं. बारा वाजले, एक वाजला. पाणी पुढं गेलं होतं, कुठं असेल त्याचा अंदाज सर्जेरावांना पायांनी कळत होता: आता ओढ्याचा पूल, आता म्हस्कूच्या मेंढरांचा वाडगा. कारखान्याच्या बाजूनं वारा सुटला आणि मळीचा वास आला. कान टवकारले. रानांत माणसंच नव्हती; होती ती कानात वायरी घालून काम करत होती. हाळी येण्याचं काही कारण नव्हतं. आबाजीनं माफ केलेलं नव्हतं, आणि केलं असतं तरी त्याचा आवाज आता कोण पुढं देणार होतं?

त्यांनी डोळे मिटले. मी निर्वैर असो. मी सुखी असो. आज ते आलं, कसं आलं कळलं नाही. शकू सुखी असो. माधवी. तो रुमालवाला कंडक्टर. मग आबाजी. नाव घेतलं आणि पार दिसला नाही, बोट दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत एकटा बसलेला माणूस दिसला. आबाजी सुखी असो, ते म्हणाले, आणि डोळे मिटूनच थांबले. पाणी त्याला पोचलं असेल किंवा नसेल.

पिशवीतला मोबाईल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. सर्जेरावांनी कानाला लावला.

“आलं,” पलीकडून आबाजी म्हणाला.

पुढं काही नाही. श्वासाचा आवाज, त्याच्यामागं सरीत शिरणाऱ्या पाण्याचा चुळचुळ आवाज, आणि फोन बंद झाला. नंबर त्यानं शकुबाईंकडून घेतला होता, हे नंतर कळलं.

सर्जेराव बांधावर चढले. काठी खाली टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि टेलच्या दिशेनं तोंड करून, होता नव्हता तेवढा दम लावून ओरडले, “भरू दे रंऽऽ.” ऋषिराज दचकून उभा राहिला. सात किलोमीटरवर ते ऐकू जाणार नव्हतं, मध्ये हाळी घ्यायलाही कोणी नव्हतं, हे सर्जेरावांना ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा एकदा हाळी दिली.